टून शेडर लावूनही आजी प्लास्टिकचीच का दिसते?

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिने ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या आजीवरून एक पात्र उभे केले आहे. आजी ओसरीवर बसून सुपात ज्वारी पाखडते आहे. अंगावर लुगडे, कपाळावर गोंदण, हातात पाटल्या. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला तयार टून शेडर, म्हणजे कार्टूनसारखे सपाट रंग आणि ठळक सावली देणारी जोडणी, तिने पात्राला लावला, परंतु चेहऱ्यावर काळे डाग उमटतात, मान जराशी वळवली की सावली नाकापासून कानापर्यंत धावते, रेषा कुठे जाड होतात तर कुठे गायब होतात, आणि पात्र हाताने काढल्यासारखे न दिसता काळी किनार मारलेल्या प्लास्टिकच्या बाहुलीसारखे दिसते. आणखी दोन शंका आहेत: आधी हुबेहूब वास्तववादी काम शिकायला हवे होते का, आणि ग्राफिक कार्डवाला नवा लॅपटॉप घेतल्याशिवाय हे जमणारच नाही का?

तुम्ही पाठवलेली चित्रे मी पाहिली. तुमचा शेडर बिघडलेला नाही. त्याला जे सांगितले आहे तेच तो प्रामाणिकपणे करतो आहे. अडचण अशी आहे की आजीच्या चेहऱ्यावर सावलीचा आकार कोणता असावा, हे तुम्ही अजून ठरवलेलेच नाही आणि तो निर्णय शेडरवर सोपवला आहे. मॉडेलवरून संगणकाने अंतिम चित्र तयार करणे म्हणजे रेंडरिंग; छायाचित्रासारखे न दिसणाऱ्या या रेंडरिंगला आमच्या कामात एनपीआर (नॉन-फोटोरिअलिस्टिक रेंडरिंग) म्हणतात आणि त्यात सावली ही मोजून मिळणारी गोष्ट नसून काढायची गोष्ट असते. माझे बाकीचे सगळे उत्तर या एका वाक्याभोवती फिरते. लॅपटॉपचे शेवटी बोलू, कारण त्याचा क्रमांक शेवटचाच आहे.

आधी शेडर नेमके काय करतो ते पाहू. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर काटकोनात उभी असलेली एक दिशा असते, तिला नॉर्मल म्हणतात. नॉर्मल आणि प्रकाशाची दिशा यांच्यातील कोनाची कोसाइन किंमत म्हणजे त्या बिंदूचा उजेड: पृष्ठभाग थेट प्रकाशाकडे तोंड करून असेल तर १, साठ अंश कलला तर ०.५, नव्वद अंशांवर ०. साध्या शेडरमध्ये ही किंमत हळूहळू उतरत जाते आणि आपल्याला मऊ गोलाई दिसते. टून शेडर याच किमतीला एक उंबरठा घालतो. उंबरठ्याच्या वर सगळे उजळ, खाली सगळे गडद. ब्लेंडरमध्ये डिफ्यूज शेडर, त्यापुढे शेडर टू आरजीबी हा नोड (जोडणीतला एक ठोकळा; हा उजेडाचे रंगात रूपांतर करतो) आणि त्यापुढे कॉन्स्टंटवर ठेवलेला कलर रॅम्प, म्हणजे रंगांची पायऱ्यांची पट्टी, एवढीच ही जोडणी आहे. तुम्ही उतरवलेल्या शेडरमध्ये कितीही नोड दिसत असले तरी त्याच्या गाभ्याशी हेच असणार.

खोच आहे ती त्या उंबरठ्यातच. मऊ छटेत नॉर्मलची चूक दोन-चार अंशांची असली तरी डोळ्याला ती जाणवत नाही, कारण शेजारच्या छटांत ती मिसळून जाते. उंबरठा घातला की तीच चूक उघडी पडते. उन्हाळ्यात पैनगंगेचे पात्र जिथे उथळ असते तिथे पाणी बोटभर वाढले तरी काठ दहा पावले सरकतो, आणि जिथे दरड उभी असते तिथे हातभर वाढले तरी काठ जागचा हलत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. आजीचा गाल हे उथळ पात्र आहे. त्याच्या समोरच्या भागावर दोन बोटांच्या अंतरात नॉर्मलची दिशा जेमतेम पाच-सहा अंशांनी बदलत असेल, तर मान पाच-सहा अंश वळताच सावलीची कड ती दोन बोटे सरकणारच. नाकाची कड ही उभी दरड आहे, म्हणून तिथली सावली मात्र जागेवर राहते. त्यातच तुम्ही सुरकुत्यांसाठी मॉडेलमध्ये बारीक उंचवटे कोरले आहेत. त्या प्रत्येक उंचवट्याची नॉर्मल वेगळ्या दिशेला पाहते आणि कड जवळ आली की प्रत्येक उंचवटा स्वतःचे एक काळे बेट तयार करतो. तुम्ही म्हणता ते डाग बहुतेक हेच आहेत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात शेतीविषयक माहितीच्या एका चित्रफितीसाठी मी एका शेतकऱ्याचे पात्र केले होते आणि त्याच्या गालावरचे खळगे मोठ्या हौसेने कोरले होते. टून शेडर लावून तयार झालेले दृश्य घरी दाखवले, तेव्हा आईने ते क्षणभर पाहिले आणि विचारले, “याच्या तोंडाले काजळी लागली का बाप्पा?” मी दोन दिवस दिव्याची जागा बदलत बसलो होतो, चूक दिव्यात नव्हतीच.

तुमच्या बाबतीत आधी निदान करून घ्या. दिव्याच्या सेटिंगमध्ये शॅडो बंद करा आणि पाहा. डाग नाहीसे झाले तर ते पडसावलीचे डाग आहेत, म्हणजे नाकाची, पदराची किंवा बाह्यरेषेसाठी वापरलेल्या कवचाची सावली चेहऱ्यावर पडते आहे. हा कवचाचा प्रकार नवख्या माणसाला हमखास चकवतो: रेषा काढण्यासाठी पात्राभोवती घातलेले उलटे कवच डोळ्याला दिसत नसले तरी दिव्याला दिसते आणि सबंध पात्रावर सावली टाकते. त्या काळ्या मटेरियलची सावली बंद केली की चेहरा उजळतो. शॅडो बंद करूनही डाग राहिले तर दोष नॉर्मलचा आहे, आणि तुमच्या चित्रांवरून पाहता मला दोन्ही दोष थोडे थोडे दिसतात.

नॉर्मल दुरुस्त करण्याची माझी रीत सांगतो. आजीच्या डोक्याभोवती अंड्याच्या आकाराचा एक साधा, गुळगुळीत गोळा बसवा. कपाळ, गालफडे आणि हनुवटी यांचा ढोबळ घाट त्यात यावा, नाक-ओठ अजिबात नकोत. मग चेहऱ्याच्या मॉडेलवर डेटा ट्रान्सफर हा मॉडिफायर (मूळ मॉडेल न मोडता त्यावर बदल करणारे साधन) लावा, स्रोत म्हणून हा गोळा निवडा आणि फेस कॉर्नर डेटामधून फक्त कस्टम नॉर्मल्स उचलायला सांगा. याने आकार चेहऱ्याचाच राहतो, पण उजेडाचा हिशोब त्या साध्या गोळ्याच्या नॉर्मलवरून होतो. सुरकुत्या मॉडेलमध्ये असूनही सावलीला त्या दिसत नाहीत. सगळीकडे असे करू नका. व्हर्टेक्स ग्रुप, म्हणजे मॉडेलच्या निवडक बिंदूंचा गट, बनवून गाल, कपाळ आणि हनुवटीपुरताच परिणाम पूर्ण ठेवा, नाकाच्या कडेला तो कमी करत न्या आणि कान त्यातून वगळा. ब्लेंडरची ४.१ च्या आधीची आवृत्ती असेल तर ऑटो स्मूथ चालू असल्याशिवाय हे नॉर्मल लागू होत नाहीत, ४.१ पासून ती खूण काढून टाकली आहे. आणखी एक सावधगिरी अशी की हा मॉडिफायर शेप की (चेहऱ्याच्या साठवून ठेवलेल्या मुद्रा) तयार करण्याआधी अप्लाय, म्हणजे कायमचा लागू, करून घ्या, कारण एकदा चेहऱ्यावर हसण्या-बोलण्याच्या शेप की आल्या की ब्लेंडर साधेपणाने तो अप्लाय करू देत नाही. माझे एक सबंध पात्र यापायी पुन्हा बांधावे लागले आहे.

खेळांच्या जगात ही पद्धत सर्वांत कसोशीने वापरलेली दिसते ती २०१४ साली आलेल्या गिल्टी गिअर एक्सर्ड या जपानी लढतीच्या खेळात. आर्क सिस्टम वर्क्सच्या कलाकारांनी त्यात त्रिमितीय पात्रे इतकी सपाट, कागदी दिसतील अशी केली की पुष्कळांना ती हाताने काढलेलीच वाटली. अनरिअल इंजिन ३ या तेव्हा जुन्या झालेल्या, खेळ बांधण्याच्या प्रणालीवर त्यांनी हे साधले. त्यांच्या तंत्रज्ञ कलाकारांपैकी जुन्या सी. मोतोमुरा यांनी २०१५ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ते उघड करून सांगितले आणि त्यात जादू काहीच नव्हती, कष्ट होते. नॉर्मल हाताने वळवलेल्या, कोणत्या जागी सावली लवकर यावी आणि कोणत्या जागी उशिरा यावी याची किंमत व्हर्टेक्सच्या रंगात भरलेली, आणि प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा दिवा. मैदानात सूर्य कुठेही असो, पात्राचा दिवा चेहरा जिथून चांगला दिसेल तिथेच. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे खोटे आहे, पण चित्रकार हेच करत आले आहेत. तुम्हीही आजीच्या चेहऱ्यासाठी खऱ्या दिव्याऐवजी एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी खूणवस्तू) ठेवून तिची दिशा ड्रायव्हरमार्फत, म्हणजे एक किंमत दुसरीला जोडणाऱ्या दुव्याने, शेडरला देऊ शकता. मग कोन तुमचा, उंबरठा तुमचा, आणि पडसावलीची कटकट मुळातच राहत नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे चेहऱ्याचा सावली-नकाशा. अलीकडच्या ॲनिमे धाटणीच्या खेळांत तो बराच दिसतो. प्रकाश समोरून बाजूकडे सरकताना चेहऱ्यावर सावली कशी दिसावी, त्याची आठ-नऊ काळी-पांढरी चित्रे हाताने काढतात, त्यांच्यामधल्या अवस्था गणिताने भरून सर्वांचे मिळून एकच करड्या छटांचे टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवायचे चित्र) बनवतात, आणि शेडर प्रकाशाच्या आडव्या कोनाशी त्या छटेची तुलना करून त्या त्या क्षणाची सावली दाखवतो. नॉर्मलशी त्याचा संबंधच उरत नाही. परिणाम फार देखणा असतो, परंतु प्रकाश वरून-खालून हलला तर तो नकाशा काही करू शकत नाही, आणि एका बसलेल्या आजीसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: सावली कशी असावी हे ठरवायचे कसे? त्यातच वास्तववादी काम आधी शिकावे का, या शंकेचे उत्तर आहे. त्वचेची छिद्रे, केसांचे लाखो धागे, कापडाची विणकाम-पातळीवरची चमक हे शिकण्यात दोन वर्षे घालवण्याची गरज नाही. मात्र खरा उजेड पाहण्याला पर्याय नाही, आणि तो पाहण्यासाठी आपल्या भागासारखी शाळा नाही. मे महिन्यात दुपारी बारा-एकच्या उन्हात अंगणात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहा. मधल्या छटा जवळजवळ नाहीतच; भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली आणि हनुवटीखाली चार गडद आकार आणि बाकी सगळे पांढरेफटक. निसर्गाने स्वतःच लावलेला टून शेडर म्हणा. तोच चेहरा चार वाजता ओसरीच्या कडेला पाहा: नाकाच्या सावलीचा एक त्रिकोण गालावर उतरतो, गालफडाखाली सावलीची एक लांब पट्टी येते आणि ती मानेच्या सावलीला जाऊन मिळते. आजी तयार असतील तर त्यांची अशी वीस चित्रे फक्त काळ्या मार्करने काढा. पेन्सिल नको, कारण पेन्सिल हाती असली की आपण मधल्या छटा घासत बसतो आणि निर्णय टाळतो. प्रत्येक चित्रात एकच प्रश्न सोडवायचा: ही जागा काळी की कोरी? पाच-सात चित्रांनंतर तुमच्या लक्षात येईल की सर्व सुरकुत्यांपैकी चेहऱ्याची ओळख टिकवणाऱ्या सुरकुत्या चार-पाचच असतात.

तान्ह्या पोळ्याला मुले ओढतात तो लाकडी नंदी सुतार कसा घडवतो, ते या संदर्भात आठवून पाहा. वशिंड खऱ्या बैलापेक्षा उंच, मान ताठ, डोळे मोठे आणि रंगवलेले. पायांचे मात्र चार खुंट, कारण खाली चाकांची फळी आहे आणि गुडघ्याकडे कोणी पाहत नाही. बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला मुले घरोघर फिरतात तेव्हा अंगणाच्या फाटकापासूनच तो बैल आहे हे ओळखू येते. सुताराला बैलाचे शरीर माहीत नाही म्हणून त्याने गुडघे सोडले असे नाही; वशिंड मोठे करायचे तर दुसरे काहीतरी सोडावे लागते, हे त्याला कळले आहे. तुमच्या मॉडेलमध्ये आजीचे नाक, बोटांची पेरे, लुगड्याच्या चुण्या आणि सुपाची वीण या सगळ्यांना सारखेच तपशील मिळाले आहेत. माझ्या मते सूप आणि हात यांना तपशील राहू द्या, चेहऱ्याला मोजका ठेवा आणि लुगड्याच्या चुण्या निम्म्याहून कमी करा.

रंगांबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण उतरवलेले शेडर इथे सर्वांत जास्त दगा देतात. त्यांतील बहुतेकांचे रंग ॲनिमेतील गोऱ्या पात्रांसाठी बेतलेले असतात: उजेडात फिकट गुलाबी, सावलीत थोडी जांभळट गुलाबी. उन्हातान्हात राबून रापलेल्या सावळ्या त्वचेवर तोच हिशोब लावला आणि सावलीसाठी मूळ रंग नुसता करड्याने गुणला, तर चिखल तयार होतो. तुमच्या आजींचा गाल चिखलकट दिसतो तो यामुळेच. सावळ्या त्वचेवर सावलीचा रंग स्वतंत्रपणे निवडा. उजेडात तांबूस तपकिरी असेल तर सावली कथ्थ्या-जांभळटाकडे झुकलेली आणि मूळ रंगाहून अधिक गडद असली तरी निस्तेज नसलेली असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गोऱ्या चेहऱ्याचा घाट मुख्यतः सावलीतून कळतो, तर काळ्यासावळ्या चेहऱ्याचा घाट चकाकीतून कळतो. कपाळावर, गालफडावर आणि नाकाच्या शेंड्यावर आकाशाचे प्रतिबिंब पडते; त्याचा निळसर-फिकट असा एक तिसरा, स्पष्ट कडेचा आकार द्या. कलर रॅम्पमध्ये यासाठी तिसरी पायरी घालण्यापेक्षा चकाकी देणाऱ्या ग्लॉसी शेडरचा वेगळा उंबरठा घ्या, म्हणजे चकाकी कॅमेऱ्यासोबत हलते आणि घाम आलेल्या चेहऱ्याचा भास होतो. एवढ्याने प्लास्टिकपणा निम्मा जाईल.

उजेडाकडे उष्ण रंग आणि सावलीकडे थंड रंग ही चित्रकारांची जुनी रीत आहे. संगणकावर ती सूत्रात बसवली एमी गूच, ब्रूस गूच, पीटर शर्ली आणि एलेन कोहेन यांनी, १९९८ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात. आणि त्यांचा हेतू कार्टून हा नव्हता, तर यंत्रांची तांत्रिक चित्रे स्पष्ट वाचता यावीत हा होता. काळा आणि पांढरा हे दोन्ही टोकाचे रंग त्यांनी बाह्यरेषा आणि चकाकी यांच्यासाठी राखून ठेवले आणि घाट दाखवण्याचे काम उष्ण-थंड रंगांच्या बदलाकडे दिले. ही वाटणी लुगड्याला फार चांगली लागू पडते. आजीच्या हिरव्या लुगड्याची सावली काळपट हिरवी न करता निळसर हिरवी करा, आणि काठाला तर सावलीच देऊ नका, दोन सपाट पट्टे पुरे.

हे सगळे करूनही रंग मरगळलेले दिसले तर रेंडर सेटिंगमधील कलर मॅनेजमेंट, म्हणजे रंग पडद्यावर कसे दाखवायचे ती निवड, पाहा. ब्लेंडर २.८० पासून तिथे मुळात फिल्मिक असते आणि ४.० पासून एजीएक्स. दोन्ही छायाचित्रसदृश कामासाठी उत्तम आहेत आणि दोन्ही तुम्ही निवडलेला सपाट रंग बदलून टाकतात. तिथे स्टँडर्ड निवडा. ही एक खूण न बदलल्यामुळे आठवडाभर कुंकवाचा लाल शोधत बसलेले लोक मला माहीत आहेत.

रेषांचा विचार करताना मला नेहमी झाडीपट्टीतले रंगभूषाकार आठवतात. दिवाळीनंतर होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत रात्रभर नाटके चालतात, वडसा हे त्या मंडळ्यांचे मोठे ठिकाण. जवळून पाहिल्यास म्हाताऱ्याच्या भूमिकेतील नटाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या म्हणजे सरळसोट तपकिरी फराटे असतात, पण ते मांडवाच्या शेवटच्या रांगेसाठी मारलेले असतात आणि तिथून ते बरोबर वाचतात. रेषेची जाडी पाहणाऱ्याच्या अंतरावरून ठरते. तुमची चित्रफीत बहुतेक लोक मोबाइलवर पाहणार आहेत, म्हणून पडद्यावर मोठे करून रेषा सुंदर दिसतात का हे पाहू नका. दृश्य मोबाइलवर पाठवून, हात लांब करून पाहा.

बाह्यरेषेचे तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला उलट्या कवचाचा: सॉलिडिफाय मॉडिफायरने पात्राला बाहेरून पातळ कवच घालायचे, नॉर्मल उलट्या करायच्या आणि बॅकफेस कलिंग (आपल्याकडे पाठ असलेले पृष्ठभाग लपवणे) चालू ठेवायचे, म्हणजे कवचाची फक्त मागची बाजू दिसते आणि ती पात्राभोवती किनार म्हणून उमटते. हा सर्वांत हलका मार्ग आहे आणि व्हर्टेक्स ग्रुपने त्याची जाडी रंगवता येते. हनुवटीखाली जाड, ओठाशी पातळ, बोटांच्या बेचक्यांत जवळपास शून्य. तुमच्या रेषा बोटांमध्ये गोळा होतात त्या याच बेचक्यांमुळे. दुसरा मार्ग रेंडर झालेल्या चित्रात खोली आणि नॉर्मल कुठे एकदम बदलतात ते शोधून तिथे रेषा उमटवण्याचा; सैतो आणि ताकाहाशी यांनी १९९० मध्येच हे दाखवले होते. संपूर्ण दृश्याला एकसारखी रेषा हवी असेल तर तो सोयीचा आहे, पण रेषेला जीव नसतो. तिसरा मार्ग भूमितीवरून खरीखुरी रेषा काढण्याचा: ब्लेंडरमध्ये २०१३ पासून फ्रीस्टाइल हे रेषा काढणारे साधन आहे आणि २०२१ च्या २.९३ आवृत्तीपासून ग्रीस पेन्सिलचा (ब्लेंडरमधील हाताने रेषा काढण्याच्या साधनाचा) लाइन आर्ट मॉडिफायर. यात रेषेला हाताची थरथर, जाड-बारीकपणा देता येतो, मात्र मॉडेल जड असेल तर संगणक रडकुंडीला येतो. तुमच्या आजीसाठी बाहेरची रेषा कवचाने आणि चेहऱ्यावरच्या चार-पाच सुरकुत्या ग्रीस पेन्सिलने हाताने काढलेल्या, असे मी करीन. सुरकुत्या शोधायचे काम कोणत्याही मॉडिफायरला देऊ नका.

गोंदणाची गोष्ट निराळी आहे आणि तुमच्या चित्रात ते पुसट, पायऱ्या-पायऱ्यांचे दिसते. टेक्स्चरमध्ये तिरपी किंवा वाकडी बारीक रेषा काढली की कॅमेरा जवळ गेल्यावर तिचे पिक्सेल दिसू लागतात. आडवी किंवा उभी सरळ रेषा मात्र कितीही जवळ गेले तरी स्वच्छ राहते, कारण तिची कड पिक्सेलच्या ओळीलाच चिकटून जाते. वर सांगितलेल्या खेळात चेहऱ्याच्या व कपड्यांच्या आतल्या सगळ्या रेषा याच युक्तीने काढल्या आहेत: टेक्स्चरमध्ये रेषा सरळ ठेवायची आणि वाकवायची ती यूव्ही, म्हणजे टेक्स्चर मॉडेलवर कुठे बसेल हे ठरवणारा पसरलेला नकाशा. आजीच्या हातावरच्या गोंदणाच्या रेघांसाठी मनगटाच्या भागाची यूव्ही आडव्या-उभ्या चौकटीत ओढून बसवा आणि रेघा त्यात सरळ काढा. कपाळावरच्या ठिपक्यांना ही युक्ती चालणार नाही, कारण ठिपका गोल असतो; ते छोट्या सपाट चकत्या करून त्वचेपासून केसभर वर बसवा. थोडे वेडेवाकडे बसवा, टोचणारीच्या हाताने ते काटेकोर कधीच नसतात.

तुम्ही शेवटी संपूर्ण चित्रावर रंगचित्राचा फिल्टर लावूनही पाहिला आहे. तो कुवाहारा फिल्टर, ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रावर संस्कार करण्याच्या भागात, ४.० पासून मिळतो. प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार चौकोन तपासून ज्यात रंगांचा फरक सर्वांत कमी त्याची सरासरी तो घेतो, म्हणून कडा टिकतात आणि मधले भाग कुंचल्याने सारवल्यासारखे होतात. एका स्थिर चित्राला ठीक आहे. हलत्या चित्रात मात्र कुंचल्याचे फटकारे पात्राला न चिकटता पडद्याला चिकटल्यासारखे वाटतात, जणू नक्षीदार काचेआडून कोणी चालत आहे. बार्बरा मेयर यांनी १९९६ मध्ये यावर उपाय दाखवला तो असा की फटकारे पृष्ठभागावर रोवलेल्या कणांना बांधायचे, म्हणजे ते पात्रासोबत हलतात. तुमच्या कामात मागची कुडाची भिंत आणि अंगण यांना कुवाहारा लावा, आजीला नको.

हालचालीविषयी एकच सूचना करतो, पण ती करूनच पाहा. पाखडताना सूप वर जाते, दाणे उडतात, कोंडा पुढे पडतो, आणि हे सगळे तुमच्या दृश्यात तेलावर घसरल्यासारखे सलग होते, कारण सेकंदाच्या २४ चौकटींपैकी प्रत्येक चौकटीत संगणकाने मधली अवस्था भरली आहे. हातांच्या हालचालीला ग्राफ एडिटरमधून स्टेप्ड इंटरपोलेशन (मधल्या अवस्था न भरता मुद्रा धरून ठेवणे) लावून दर दोन चौकटींना एक मुद्रा करा, म्हणजे सेकंदाला १२. कॅमेरा हलत असेल तर तो मात्र २४ वरच ठेवा, नाही तर सबंध दृश्य धक्के खाते. मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, बंद. दाणे हवेत सर्वांत वर असताना ती मुद्रा एखादी चौकट जास्त धरून ठेवा; पाखडणाऱ्या बाईचे मनगट तिथे खरोखरच क्षणभर थांबते, फुंकर त्याच क्षणी मारली जाते.

राहिला लॅपटॉप. वर सांगितलेल्यापैकी शेडर टू आरजीबी हा नोड ब्लेंडरच्या फक्त ईव्ही या झटपट रेंडर इंजिनमध्ये चालतो आणि ईव्ही प्रत्येक किरणाचा माग काढत बसत नाही, त्यामुळे किरणांचा माग काढणाऱ्या सायकल्स या दुसऱ्या इंजिनमध्ये एका चौकटीला जेवढा वेळ जातो त्याच्या तुलनेत हे काम साध्या यंत्रावरही निभते. चार-पाच वर्षांपूर्वीच्या, वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर मी अशी कामे पूर्ण करून दिली आहेत. लाइन आर्ट तेवढा त्यावर जड जातो, म्हणून तर कवच सुचवले. नव्या आवृत्त्यांना नवे ग्राफिक ड्रायव्हर लागतात, तुमच्या यंत्रावर त्या उघडत नसतील तर एक जुनी आवृत्ती धरून राहा. टेक्स्चरसाठी क्रिटा हे चित्रे रंगवण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसे आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एक साधा पेन टॅब्लेट घ्या, नॉर्मलसाठी नाही तरी सावलीची चित्रे काढण्यासाठी तो रोज हातात राहील. आणि रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका. एकदा माझ्या चारशेपैकी तीनशे ऐंशी चौकटी झाल्या असताना लाइन गेली, बॅटरी आधीच कामातून गेलेली होती, आणि लाइन परत आल्यावर उरली ती न उघडणारी एक फाइल. पीएनजी चौकटींची मालिका काढा आणि ओव्हरराइट बंद ठेवून प्लेसहोल्डर्सही (आधीच बनवल्या जाणाऱ्या रिकाम्या फाइल्स) बंद ठेवा. मग यंत्र मध्येच बंद पडले तर शेवटची अर्धवट चौकट तेवढी पुसून टाका आणि पुन्हा रेंडर चालू करा, झालेल्या चौकटी सोडून ते तिथूनच पुढे जाते.